डेन्सिटी पास, पण डीसीपी आणि प्लेट टेस्टला थर फेल, असं परत परत होत असेल तर काय काय तपासायचं

रस्त्याच्या कामावर क्वालिटीला असलेल्या प्रत्येकाला हा प्रकार कधी ना कधी भेटतोच. सबग्रेड (रस्त्याच्या तळाची दाबलेली माती) किंवा जीएसबीचा (त्यावरचा खडी-मुरुमाचा) थर टाकला, रोलर फिरवला, सॅण्ड रिप्लेसमेंट (खड्डा खोदून त्यात वाळू भरून डेन्सिटी काढायची टेस्ट) घेतली, लॅबच्या कमाल डेन्सिटीच्या ९८ टक्के आली, सगळे खूश, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी डीसीपी (हातोड्याच्या ठोक्यांनी सुळका जमिनीत किती जातो ते बघायचं साधन) मारला किंवा लाइट वेट डिफ्लेक्टोमीटर (प्लेटवर वजन पाडून जमीन किती दबते ते बघायचं यंत्र, म्हणजे आमची प्लेट टेस्ट) ठेवला की आकडा एवढा खाली की डोकं चालत नाही. मग थर उकरा, परत दाबा, परत टेस्ट, कधी पास कधी फेल, आणि दोन चेनेज (रस्त्याच्या लांबीवरच्या अंतराच्या खुणा) पुढे तेच परत सुरू. माझ्याकडे हे एका कामावर तीन आठवडे चाललं होतं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण त्या तीन आठवड्यात जे शिकलो ते आधी कोणी सांगितलं असतं तर निम्मा भराव दोनदा उचलावा लागला नसता.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. डेन्सिटी आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेन्सिटी सांगते की एवढ्या जागेत माती किती ठासून बसली, ताकद सांगते की त्या मातीवर वजन आलं की ती किती दबेल किंवा सरकेल. ठासून बसलेली माती ओली असली तर मऊच असते. आणि सैल माती उन्हात वाळून कडक झाली असली तर सुळका सहजासहजी आत जात नाही. म्हणून दोन टेस्टचे निकाल भांडायला लागले की कोणती टेस्ट खोटी आहे हे शोधत बसू नका, बहुतेक वेळा दोन्ही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या खोलीबद्दल आणि वेगवेगळ्या ओलाव्याबद्दल बोलत असतात.

खोलीचं आधी घेतो कारण माझं दुखणं तिथेच निघालं.

आमच्याकडे थर दाबून झाल्यावर साधारण २४० मिमी भरत होता. डीसीपीचा निकाल आमचा टेक्निशियन सरासरी काढून लिहायचा, ३० ठोक्यात २४० मिमी, म्हणजे ठोक्याला ८ मिमी. ते सूत्रात टाकलं (२९२ ला ठोक्यामागच्या मिमीच्या १.१२ घाताने भागायचं) की सीबीआर (मातीच्या ताकदीचा आकडा, टक्क्यांत) २८ च्या आसपास येतो, आणि कागदावर हे वाईट दिसत नाही. पण प्लेट टेस्ट तिथेच नापास होत होती. शेवटी मी त्याच्या शेजारी बसलो आणि प्रत्येक ठोक्याचं रीडिंग लिहायला लावलं. वरचे १२० मिमी जायला २४ ठोके लागले, ठोक्याला ५ मिमी, सीबीआर ४८. खालचे १२० मिमी फक्त ६ ठोक्यात गेले, ठोक्याला २० मिमी, सीबीआर १०. म्हणजे वर दगडासारखी पापडी आणि खाली भुसभुशीत, आणि सरासरीने दोघांना एकत्र कालवून २८ करून टाकलं होतं.

मग तिथेच खड्डा घेतला. वरचा भाग पहारीने ढेपा ढेपा होऊन निघाला, ढेप हातात घेतली तर तुटत नव्हती. अर्ध्या खोलीनंतर मातीचा रंगच फिका झाला, आणि ती माती मुठीत दाबली की गोळा व्हायचा नाही, बोटांमधून पिठासारखी गळून जायची. पाणी तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. टँकर पसरलेल्या थरावर वरून पाणी मारून जायचा, ग्रेडर वरवर फिरवायचा, रोलर लगेच सुरू. आणि सॅण्ड रिप्लेसमेंटचा खड्डा? तो पोरं घ्यायची १०-१२ सेंटीमीटर, कारण तेवढंच खोदायला सोपं. म्हणजे डेन्सिटी वरच्या पापडीची आणि डीसीपी पूर्ण थराचा. दोघंही खरं बोलत होते!

तर पहिली गोष्ट, डेन्सिटीचा खड्डा थराच्या पूर्ण खोलीइतका घ्या. जाड थर असेल आणि उपकरण तेवढं खोल घेत नसेल तर वरच्या अर्ध्याची टेस्ट झाल्यावर तो भाग बाजूला काढून खालच्या अर्ध्याची वेगळी टेस्ट घ्या. आणि डीसीपीची सरासरी कधीच लिहू नका, ठोका विरुद्ध खोली असा आलेख काढा, ज्या खोलीवर रेष अचानक वळते तिथे तुमचा आजार आहे. दोन थरांच्या सांध्यावर मऊ पट्टा असेल, मधेच ओला पट्टा असेल, सगळं त्या रेषेत दिसतं, याच्याइतकं स्वस्त आणि प्रामाणिक साधन साइटवर दुसरं नाही असं माझं ठाम मत आहे.

आता डीसीपीच चुकीचा मारला जात असेल तर? हे पण बघून घ्या. हातोडा ८ किलोचा, पडायची उंची ५७५ मिमी, सुळका ६० अंशाचा आणि २० मिमी व्यासाचा. काही सेटमध्ये ४.६ किलोचा हलका हातोडा पण येतो, तो मऊ मातीसाठी असतो आणि त्याने मारलेल्या ठोक्याचं पेनिट्रेशन दुप्पट करून धरायचं असतं. माझ्या एका आधीच्या कामावर महिनाभर हलक्या हातोड्याचे आकडे तसेच सूत्रात टाकले जात होते, सगळा सबग्रेड कागदावर दुप्पट भारी. सुळक्याचं टोक बोथट झालं असेल किंवा व्यास घासून कमी झाला असेल तर बदला, खडीच्या थरात तो लवकर झिजतो. दांडा सरळ उभा धरायचा, कललेला दांडा बाजूच्या मातीला घासतो आणि ठोके फुकट वाढतात, त्यामुळे कमकुवत थर पण चांगला दिसतो. हातोडा वरच्या हँडलपर्यंत न्यायचा पण हँडलला आपटायचा नाही आणि खाली ढकलायचा तर मुळीच नाही, सोडून द्यायचा. मोजायला सुरुवात सुळक्याचा रुंद भाग पृष्ठभागाच्या पातळीला बसल्यावर. आणि मोठा दगड लागला, पाच ठोक्यात २ मिमी पण सरकला नाही, तर थांबा, फूटभर बाजूला सरकून नवीन टेस्ट घ्या, तो दगडाचा आकडा थराच्या नावावर लिहू नका. वर दिलेलं सूत्र चिकणमातीला चालत नाही हेही लक्षात असू द्या, तिच्यासाठी वेगळी सूत्रं आहेत.

डेन्सिटी खोटी जास्त येण्याची कारणं पण असतात आणि ती शोधणं जास्त गरजेचं, कारण खोटा फेल कोणीतरी भांडून तपासतो पण खोटा पास तसाच डांबराखाली जातो.

एक म्हणजे वाळू. सॅण्ड रिप्लेसमेंटची वाळू दमट झाली की ती फुगते, सैल बसते, खड्ड्यात वजनाने कमी जाते, मग खड्डा लहान निघतो आणि डेन्सिटी जास्त. कॅलिब्रेशन कोरड्या वाळूवर केलेलं आणि वापर पावसाळी हवेत उघड्या पोत्यातली वाळू, हा प्रकार सर्रास चालतो. वाळू वाळवून, चाळून, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि तिची डेन्सिटी परत परत तपासा. याच्या उलटं पण होतं, टेस्ट चालू असताना शेजारून व्हायब्रेटरी रोलर गेला की खड्ड्यातली वाळू दबून बसते, जास्त वाळू जाते, डेन्सिटी खोटी कमी येते. टेस्ट चालू असेपर्यंत रोलर बंद, यात तडजोड नको, ऑपरेटर कितीही कुरकुर करो.

दुसरं कारण ओलावा मोजायचं यंत्र. कॅल्शियम कार्बाइडवालं, ज्याला सगळे रॅपिड मॉइश्चर मीटर म्हणतात. या यंत्राची डायल ओल्या मातीच्या वजनावर टक्के दाखवते आणि आपल्याला लागतात कोरड्या मातीच्या वजनावर. डायलवर १० दिसलं तर खरा आकडा १० भागिले ९०, म्हणजे ११.१ टक्के. फरक छोटा वाटतो ना? आता हिशोब बघा. ओली डेन्सिटी २.२० असेल तर १० टक्क्याने कोरडी येते २.०० आणि ११.१ ने येते १.९८. एमडीडी (लॅबमध्ये मिळालेली कमाल कोरडी डेन्सिटी) २.०५ धरली तर पहिल्या हिशोबाने ९७.६ टक्के, दुसऱ्याने ९६.६. तुमची मर्यादा ९७ असेल तर एका भागाकारावर पासचा फेल झाला. काही मीटरसोबत रूपांतराचा तक्ता येतो, तो डब्यातच पडून असतो. ज्यांना टेस्ट करायला लावता त्यांना हे एकदा समोर बसवून गणित करून दाखवा, नुसतं सांगून डोक्यात राहत नाही.

न्यूक्लिअर गेज वापरत असाल तर त्याचं ओलाव्याचं रीडिंग ओव्हनशी जुळवून बघा. ते हायड्रोजन मोजतं, आणि हायड्रोजन फक्त पाण्यातच असतो असं नाही, जिप्सम, सेंद्रिय पदार्थ असलेल्या मातीत ओलावा जास्त दाखवतं. असा फरक पक्का असेल तर त्या मातीसाठी दुरुस्ती लावून घ्या.

आणि तिसरं, प्रॉक्टरच (लॅबमध्ये एमडीडी काढायची टेस्ट) चुकीच्या मातीचा असणं. उकर खाणीची (जिथून भरावाची माती आणतो ती) एक बाजू संपली, दुसरी बाजू उघडली, मालाचा रंग बदलला, खडे वाढले किंवा कमी झाले, पण रजिस्टरमध्ये एमडीडी तीच जुनी. कॉम्पॅक्शन १०३-१०४ टक्के यायला लागलं की आनंद मानू नका, पहिला संशय हाच घ्या की हा माल तो नाहीच. मॉडिफाइड आणि स्टँडर्ड प्रॉक्टरची अदलाबदल पण तपासा, मॉडिफाइडला ४.९ किलोचा हातोडा ४५ सेंटीमीटरवरून पाच थरात आणि स्टँडर्डला २.६ किलोचा ३१ सेंटीमीटरवरून तीन थरात, यात एमडीडीचा चांगलाच फरक पडतो, आणि स्टँडर्डच्या आकड्यावर ९७ टक्के पास झालेला थर मॉडिफाइडच्या हिशोबाने कच्चा असतो.

यासाठी एक खात्रीचा उपाय मी प्रत्येक निकालावर लावतो. मातीच्या कणांची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (पाण्याच्या किती पट जड) आणि ओलावा माहीत असला की हवा शून्य धरून जास्तीत जास्त किती कोरडी डेन्सिटी शक्य आहे ते निघतं. ग्रॅव्हिटी २.६८ आणि ओलावा १२ टक्के असेल तर २.६८ भागिले (१ अधिक ०.१२ गुणिले २.६८), म्हणजे २.०३. आता रजिस्टरमध्ये १२ टक्के ओलाव्याला २.०६ लिहिलेलं असेल तर ते निसर्गातच शक्य नाही, कुठेतरी वजन, वाळू किंवा ओलावा चुकलाय. मी ज्या दिवशी जुने निकाल असे तपासले त्या दिवशी त्यातले बरेच या रेषेच्या पलीकडे गेलेले निघाले आणि मग कोणाशी वाद घालायची गरजच उरली नाही.

आता प्लेटवाल्या टेस्टकडे. लाइट वेट डिफ्लेक्टोमीटर बहुतेक ठिकाणी ३०० मिमी प्लेट आणि १० किलो वजनाचा असतो. याचं पहिलं दुखणं म्हणजे तो थर एकटा बघत नाही. प्लेटच्या व्यासाच्या एक ते दीडपट खोलीपर्यंत त्याचा असर जातो, म्हणजे ३०० ते ४५० मिमी. तुमचा थर १५० मिमीचा आणि खालचा सबग्रेड मऊ असेल तर वरचा थर कितीही चांगला दाबा, आकडा वर येणार नाही, आणि लोक तोच वरचा थर तीन तीनदा उकरून दाबत बसतात. अशा वेळी शेजारीच डीसीपी मारा, दोन मिनिटात कळेल मऊपणा कोणत्या खोलीवर आहे.

दुसरं, प्लेट नीट टेकलेली नसणं. खडबडीत जागेवर बारीक वाळूचा अगदी पातळ थर पसरून प्लेट गोल गोल फिरवून बसवा, आधीचे तीन ठोके बसण्यासाठी आणि पुढचे तीन मोजण्यासाठी. त्या तिघांत डिफ्लेक्शन प्रत्येक ठोक्याला ठळक कमी होत जात असेल तर माती अजून दबतीये, म्हणजे रोलिंग अपुरं आहे, हा आकड्याइतकाच महत्त्वाचा इशारा आहे. मोठ्या प्लेट लोड टेस्टमध्ये पण हेच, दुसऱ्या लोडिंगचं मोड्युलस (थराच्या कडकपणाचा आकडा) पहिल्याच्या कितीतरी पट आलं तर थर टेस्ट चालू असतानाच दबला असं समजा. आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळवू नका. काहींचा सेन्सर प्लेटवर असतो, काहींचा प्लेटच्या मधल्या भोकातून थेट जमिनीवर टेकतो, बफर वेगळे असतात, त्यामुळे त्याच जागेवर वेगळा आकडा येतो आणि कोणीच चुकलेलं नसतं.

ओलाव्याचं तर विचारूच नका. आमच्याकडे एकाच जागेवर दुपारी ६२ मेगापास्कल आणि रात्री हलका पाऊस होऊन सकाळी ३८. माती तीच, रोलिंग तेच. दुपारी ओलावा ९ होता, सकाळी ११.५. माती वाळत जाते तसं कणांमधलं उरलेलं पाणी कणांना आत ओढून धरतं आणि थर कडक वाटतो, पाणी आलं की ती ओढ संपते. म्हणून ओलाव्याशिवाय लिहिलेला मोड्युलस किंवा डीसीपीचा आकडा मी मानतच नाही. प्रत्येक टेस्टच्या शेजारून मातीचा नमुना घ्या, वरून खरवडून घेऊ नका, थराच्या मधून घ्या, आणि आकड्याशेजारी लिहा. दाबल्यापासून किती तासांनी टेस्ट घेतली तेही लिहा. शक्य असेल तर दाबल्यावर लगेच, ओलावा ओएमसीच्या (ज्या ओलाव्याला माती सगळ्यात जास्त ठासून बसते) जवळ असतानाच टेस्ट घ्यायची सवय लावा, म्हणजे सगळे निकाल एका पायरीवर येतात.

इथेच एक मोठा घोळ होतो, डिझाइनचा सीबीआर बहुतेक वेळा चार दिवस पाण्यात भिजवलेल्या नमुन्याचा असतो आणि फील्डचा डीसीपी त्या दिवशीच्या ओलाव्याचा. डिझाइन ८ आणि फील्डला २५ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. ओएमसीपेक्षा कोरडी दाबलेली चिकणमाती सुरुवातीला फार कडक लागते आणि भिजली की तीच मऊ पडते. लॅबमध्ये त्याच मातीचे साचे फील्डच्या डेन्सिटीला आणि ओलाव्याला तयार करून, काही न भिजवता आणि काही भिजवून, सीबीआर काढा आणि आपल्या मालाचा आपला संबंध बसवा. बाहेरून आणलेलं सूत्र फक्त सुरुवातीला अंदाज यायला.

आता उलटी केस, माती ओएमसीच्या वर गेलेली. डेन्सिटी ९५-९६ ला अडकते, कितीही पास मारा वर जात नाही, आणि रोलर पुढे गेला की मागे जमीन गादीसारखी वर येते. इथे रोलर अजून फिरवला तर बिघडतंच, कारण मातीतली हवा आधीच निघून गेलेली असते आणि रोलरचं वजन आता पाण्यावर येतं, पाण्याचा दाब वाढतो, माती हलते पण दबत नाही. व्हायब्रेशन आधी बंद करा. नांगरून वाळत घाला, किंवा वेळ नसेल तर चुना मिसळायचा निर्णय डिझाइनवाल्यांशी बोलून घ्या. फक्त वरून एक कोरडा थर टाकून झाकू नका, तो मऊपणा खाली तसाच राहतो आणि रहदारी सुरू झाली की वर येतो.

सिमेंटने स्टॅबिलाइज केलेला थर असेल तर एकच सांगतो, पाणी पडल्यापासून दाबून होईपर्यंत किती वेळ गेला ते बघा. तो वेळ लांबला की सिमेंट आधीच धरायला लागतं आणि मग रोलर ते बंध तोडतो, डेन्सिटी पण येत नाही आणि सात दिवसांची ताकद पण नाही.

टेस्ट कुठे घ्यायची हाही प्रश्नच आहे. ठरलेल्या अंतरावर, रस्त्याच्या मध्यावर टेस्ट घेत गेलो तर कडा सुटतात, आणि कडेला रोलर सगळ्यात कमी जातो. पाइप कल्व्हर्टच्या दोन्ही बाजू, जुना भराव आणि नव्या भरावाचा सांधा, टँकर वळतो ती जागा, इथे मुद्दाम जा. आणि भरलेला टिपर संथ चालवून चाकामागून चालत जा, चाकाखाली जमीन किती वाकते आणि परत येते का ते डोळ्याने दिसतं. खुणा करा, आणि डीसीपी त्या खुणांवर मारा.

आमच्या त्या २४० मिमीच्या थराचं शेवटी असं झालं की पूर्ण खोली उकरून काढली, पाणी टाकून ग्रेडरने तीन-चारदा उलटीपालटी करून सगळीकडे सारखा रंग येईपर्यंत मिसळली, मुठीत गोळा होतोय का ते वरून, मधून, तळातून बघितलं, आणि १२०-१२० चे दोन थर करून दाबले. खालच्या थराची डेन्सिटी आणि डीसीपी वरचा टाकायच्या आधी घेतला. दुसऱ्या दिवशी पूर्ण खोलीचा डीसीपी मारला तेव्हा वर ठोक्याला ५ मिमी आणि खाली ६ ते ७ मिमी आला, आलेखाची रेष जवळजवळ सरळ. प्लेट टेस्ट पहिल्याच फेरीत पास झाली. त्यानंतर टँकरवाल्याला पाणी पसरलेल्या थरावर न मारता आधी उकर खाणीतच ढिगावर मारायला लावलं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी माल उचलायचा, आणि पुढच्या सगळ्या चेनेजला तो फिका कोरडा पट्टा परत दिसला नाही.